जावळाआधीची लस

कुरुळी, ११ मे २०२५

चि. सौ. विजयश्रीस दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून लिहितोय. छकुली दहा महिन्यांची झाली, गणराज चार वर्षांचा. दोघांनाही पावसाळ्याआधी फ्लूची लस दे. सहा महिन्यांपुढच्या लेकरांना ती दरवर्षी द्यायची. पहिल्या खेपेला दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने. सर्दी होणारच नाही असं नव्हे, पण दुखणं छातीत उतरायचा धोका कमी होतो. शाळा आठवीत सुटली असली, तरी मी बालरोगतज्ज्ञांना दोनदा विचारून मगच लिहितोय.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा दादा, दौलतराव

दिघी, १९ मे

ती. दादास शि. सा. न.

पत्र वाचून हे म्हणाले, मेव्हण्यांनी पाना ठेवून स्टेथोस्कोप कधी धरला! लस द्यायचीच आहे रे. पण सासूबाई म्हणतात, सुईनं ताप येतो, आणि अंगात कणकण असताना जावळ काढू नये. आधी जावळ, मग लस. जावळ तर मामाच्या मांडीवरच निघायचं, आणि तुझी कंपनी जुलैपर्यंत रजा देईना. मग दोघांची एकदमच देऊ. छकुलीच्या बटा डोळ्यांवर येतात, फुंकर मारून उडवते. लवकर ये.

तुझी विजू

कुरुळी, २४ जुलै

चि. विजूस आशीर्वाद.

दवाखान्यातून आणलेली छकुली तुम्ही माझ्या मांडीवर दिलीत, तेव्हा मी तिच्या डोळ्यांवरच्या बटा तेवढ्या बाजूला केल्या. फ्लूच होता, त्यातून न्यूमोनिया झाला, असं डॉक्टर म्हणाले. लस दिली असती तर वाचलीच असती, असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणणार नाही. जे नक्की माहीत नाही ते मी लिहीत नाही. सासूबाईंना बोल लावू नकोस. त्या जेवत नाहीत, असं दाजी सांगत होते.

पण गणराजची लस राहिलीये. सुईचं नाव काढू नकोस, असं तू त्या दिवशी ओरडलीस. राग माझ्यावर काढ गं, पण त्याला ने.

तुझा दादा

दिघी, ८ ऑगस्ट

ती. दादास न.

काल गणराजला पहिला डोस दिला. मी दवाखान्याच्या पायरीवरच अडले; सासूबाई त्याला कडेवर घेऊन आत गेल्या. मागाहून मी गेले. बाकावर एक बाई तान्ही मुलगी घेऊन बसली होती. हिला फ्लूची दिली का गं, असं सासूबाईंनी तिला विचारलं. ती म्हणाली, बघू पुढच्या महिन्यात.

सासूबाई तिच्यापुढे फरशीवर बसल्या. त्या पोरसवद्या, अनोळखी बाईचे दोन्ही पाय धरले, आणि म्हणाल्या, आज दे.

विजू