मास्तरांचे शून्य, माझा प्रकाशकण आणि या घराची वाटणी

मी, महाविद्यालयातून निवृत्त झालेली भौतिकशास्त्राची प्राध्यापिका, वय शहात्तर, राहणार याच घरात, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी शून्याच्या खाली उतरून उणे संख्यांत शिरले तेव्हा त्यांनीच हात जोडून थांबवले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणायचा प्रयत्न दोघांनी केला. त्यांचा समाचार पुढे घेतला आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते. हे शांतपणे करते आहे, पण राग तोच आहे.

पहिल्याच वाक्यावर वकिलांचा आणि माझा खटका उडाला. मला लिहायचे होते की, "या दस्तात 'मी' आणि 'माझे' हे शब्द सोयीपुरते वापरले आहेत, नीट शोधायला गेल्यास दोन्ही सापडत नाहीत." माझे दिवंगत पती असते तर त्यांनी हे वाक्य घालायला लावलेच असते.

वकील म्हणाले, "बाई, 'मी' सापडत नसेल तर घर सरकारजमा होईल."

तेव्हा तडजोड अशी: पतींच्या शास्त्रात सत्य दोन प्रकारचे असते, एक व्यवहारातले आणि एक अखेरचे. हे मृत्युपत्र व्यवहारातल्या सत्यात मोडते. अखेरच्या सत्यात या घराला मालक नाही आणि घरपट्टीही नाही, पण नगरपालिकेला ते अजून पटलेले नाही.

कलम एक. पतींविषयी.

माझे पती त्याच महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही तेच म्हणे. त्यांचा वर्ग माझ्या प्रयोगशाळेला लागून होता. एकदा काळे पडदे ओढून मी काम करत असताना ते दार ढकलून आत आले आणि माझी सकाळभराची मेहनत उजेडात घातली.

"काय चाललंय?" त्यांनी विचारले.

"प्रकाशाचा एकेक कण सोडतेय, कंपन उभं निघतं की आडवं ते बघायला. चालला होता प्रयोग, तुम्ही येईपर्यंत."

"तो कण यंत्रात शिरण्याआधी कसा असतो? उभा की आडवा?"

"तसं विचारता येत नाही. यंत्राशी गाठ पडल्यावर उत्तर मिळतं. आधीपासून त्याच्या खिशात उत्तर तयार असतं असं धरलं, तर गणित चुकतं."

मास्तर दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडेही असंच म्हणतात."

त्या 'आमच्याकडेही'वर आमचे लग्न झाले आणि त्याच शब्दावर आम्ही जन्मभर भांडलो.

त्यांचा विषय बौद्धांचा शून्यवाद. एखादी गोष्ट आहे म्हणायचे नाही, नाही म्हणायचे नाही, आहेही-नाहीही म्हणायचे नाही, आणि ही दोन्ही नव्हेत असेही म्हणायचे नाही. चारही वाटा बंद करून हा माणूस मधोमध प्रसन्न बसलेला असे. दूध आणले का विचारले तरी पहिल्या दोन वाटा बंद होत. तिसरीला हात घालण्याआधी मी पिशवी घेऊन बाहेर पडलेली असे.

माझे म्हणणे एवढेच की, दोन शास्त्रे एकमेकांसारखी दिसली की आधी संशय घ्यावा. दोन माणसांनी एकमेकांना न भेटता 'माहीत नाही' म्हटले, म्हणून दोघांना एकच गोष्ट माहीत नाही असे होत नाही. मास्तरांना हे वाक्य आवडे. ते वर्गात वापरत, माझे नाव न घेता.

कलम दोन. उपकरणे.

माझ्या कपाटात धूसर रंगाच्या तीन काचा आहेत. त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला द्याव्यात, पण काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. मुलांनी हाताळाव्यात, पाडाव्यात. प्रयोग सोपा आहे. एक काच फक्त उभ्या कंपनाचा प्रकाश सोडते, दुसरी फक्त आडव्या. एकीमागे दुसरी धरली की पूर्ण काळोख. आता दोघींच्या मध्ये तिसरी काच तिरकी सरकवायची. अडथळा वाढला, तर काळोख वाढायला हवा. पण पलीकडे उजेड दिसतो.

मोठ्या झोताचे हे कोडे लाटांच्या जुन्या गणितानेही सुटते. एकेक कण सोडला की मात्र त्या गणिताला घाम फुटतो. हा खुलासा मुद्दाम केला आहे, कारण याच काचांनी पुढचा घोळ घातला.

कलम तीन. शिष्योत्तम.

हे नाव मी ठेवलेले आहे. मास्तरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आम्हाला मूल नाही. हा आमच्याकडेच जेवायचा, माझ्या चपात्यांना नावे ठेवायचा आणि मास्तरांशी वाद घालून त्यांना घाम फोडायचा. त्याच्यावर आमचा दोघांचा जीव होता. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढचे वाचताना कोणी मला नुसती खाष्ट समजणार नाही.

पुढे शिष्योत्तमाने दाढी वाढवली, आवाज खाली आणला आणि शिबिरे सुरू केली. विषय: तुम्ही बघता तसे जग घडते. बुद्धांनी सांगितले, आता विज्ञानाने सिद्ध केले. लोक गर्दी करत. मग त्याने मास्तरांचा जाहीर सत्कार ठरवला आणि माझ्याकडे दोन ओळींची मागणी केली, की भौतिकशास्त्राने शून्यता सिद्ध केली आहे, खाली माझी सही.

मी नकार दिला. शिष्योत्तम रुसला त्याचे काही नाही, मास्तर रुसले.

"तुझी एक सही," ते म्हणाले. "आयुष्यभर लोक मला हसले. शून्यवाला मास्तर म्हणून. एकदा कोणीतरी म्हणू दे की हा बरोबर होता."

"तुमच्या कामाला माझी सही लागत असेल तर ते स्वतःच्या पायावर उभं नाही."

"कशालाच स्वतःचे पाय नसतात," मास्तर म्हणाले. "तेच तर माझं काम आहे." आणि उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. एरवी असे काही बोलून ते स्वतःच हसत. त्या दिवशी हसले नाहीत. सत्काराच्या दिवसापर्यंत आमच्यात फक्त 'मीठ द्या' एवढाच व्यवहार होता.

सत्काराला मी गेले. सही दिली नाही तरी बायको होतेच. शिष्योत्तमाने माझ्याच तीन काचा मंचावर मागवल्या होत्या. काळोख दाखवला, मग तिसरी काच सरकवून म्हणाला, "ही तिसरी काच म्हणजे तुमचं मन. ते मध्ये आणा, उजेड होईल." टाळ्या. मास्तर पहिल्या रांगेत मोठ्या खुर्चीत आखडून बसले होते.

प्रश्नांच्या वेळी मागून एक बाई उठल्या. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या, पुढे आम्ही त्यांना थोरली म्हणू लागलो.

"माझ्या धाकट्या बहिणीला गाठ आहे," त्या म्हणाल्या. "ती तुमच्या मागच्या शिबिराला आली होती. गाठ शून्य आहे असं रोज बघते. औषध थांबवलंय. आणखी किती दिवस बघायचं?"

शिष्योत्तमाने घसा साफ केला. "औषध घ्या किंवा घेऊ नका असं मी कधीच सांगत नाही," तो म्हणाला. "प्रत्येकाची बघण्याची शक्ती..."

मास्तर उठले. मंचावर गेले नाहीत, सरळ मधल्या वाटेने त्या बाईंपर्यंत चालत गेले. ध्वनिवर्धक नव्हता, तरी वर्ग घेतलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"बाई, उद्या सकाळी औषध सुरू करा. गाठ शून्य आहे हे खरं. औषधही शून्य आहे. शून्य म्हणजे नसलेलं नव्हे. एकटं, स्वतःच्या बळावर नसलेलं. गाठ कशाकशामुळे झालीय, म्हणून ती कशाने तरी जाऊ शकते. ती स्वयंभू असती तर तिच्यावर कुठलंच औषध चाललं नसतं. शून्य आहे म्हणून औषध घ्यायचं. शून्य आहे म्हणून सोडायचं नाही."

मग ते माझ्याकडे वळले. त्या काळातले पहिले बिगरमिठाचे वाक्य बोलले: "तुझं पण सांग त्यांना."

मी उभी राहिले आणि सांगितले की आमच्या शास्त्रात 'बघणे' म्हणजे डोळ्यांनी बघणे नव्हे, मनाने तर नाहीच. खोलीत कोणी नसले तरी काच आपले काम करते. आणि कण उभा निघणार की आडवा, हे आजवर कोणाच्या इच्छेने ठरलेले नाही. माझ्या तर नाहीच, नाहीतर माझे निम्मे प्रयोग फसले नसते.

आम्ही दोघे बाहेर पडलो. मास्तरांचे सन्मानचिन्ह खुर्चीवरच राहिले. रस्त्यात ते म्हणाले, "पोरगं गेलं आपलं." खरेच गेले होते.

शिबिरे बंद पडली असे कोणाला वाटत असेल तर तसे झाले नाही. पुढल्या वर्षी गर्दी वाढली. जगात असेच होते आणि त्याला कुठलेच शास्त्र जबाबदार नाही.

मास्तर गेल्यावर शिष्योत्तम आला. माझ्यासमोर बसून लहान मुलासारखा रडला. ते रडणे खरे होते. मग डोळे पुसून म्हणाला, "बाई, मास्तरांची खोली जशीच्या तशी ठेवू. स्मारक करू. घर संस्थेला द्या." तेही खरे होते. एकाच माणसात दोन्ही खरी असू शकतात, याला चतुष्कोटीतली, म्हणजे त्या चार वाटांतली, तिसरी वाट म्हणतात. मास्तरांनी ती का बंद केली असावी हे तेव्हा कळले.

त्याला या घरातले काही मिळणार नाही. एक सोडून: मास्तरांची तर्कशास्त्राची सगळी पुस्तके त्यालाच द्यावीत. त्यांच्या समासातली टिपणे समजू शकेल असा तो एकटाच आहे, हे माझे दुर्दैव. सोबत माझा निरोप द्यावा की चपात्या तुझ्या म्हणण्याइतक्या वाईट नव्हत्या.

कलम चार. नणंद.

नणंदबाईंचे मत असे की, त्यांचा भाऊ देवमाणूस होता आणि मी त्याला यंत्रांच्या नादी लावले. घर भावाचे, म्हणून भावाच्या रक्ताचे, असा त्यांचा दावा. वकिलांनी कागद पाहिले. घर माझ्या नावावर आहे. मास्तरांनीच तसे केले, कारण त्यांच्या मते मालक असणे हा गैरसमज होता आणि तो त्यांना माझ्यावर ढकलायचा होता. नणंदबाईंना मास्तरांची आरामखुर्ची द्यावी. ती करकरते. मास्तर बसले की तिच्याशीही वाद घालत. नणंदबाई बसल्या की तीही घालील.

कलम पाच. घर.

हे घर, वरच्या खोलीसह, थोरली आणि धाकटी या दोघी बहिणींना समान हक्काने द्यावे.

कारण लिहिते. सत्कारानंतर धाकटीने औषध सुरू केले. दवाखाना आमच्या घराजवळ, त्यांचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. मास्तर म्हणाले, वरची खोली रिकामी आहे. मी म्हटले, तुमचे सगळेच रिकामे असते. त्या आल्या आणि राहिल्या.

धाकटी शाळेची बस चालवते. आजारपणात पडल्या-पडल्या ती मास्तरांना छळायची.

"मास्तर, बसचा ब्रेकपण शून्य का?"

"हो."

"मग लागतो कसा?"

"शून्य आहे म्हणूनच लागतो. तो स्वतःतच पूर्ण असता तर तुझ्या पायाची त्याला काय पडली असती?"

ती विचार करायची. मग म्हणायची, "हे पोरांच्या आईबापांना सांगू नका."

असे हसणे या घरात आधी नव्हते. आम्ही दोघे भांडायचो ते एकमेकांना जिंकायला. तिला उत्तर देताना मास्तर पहिल्यांदा जिंकायचे विसरले. मीही खालून ऐकत बसे.

गाठ गेली. औषधाने गेली असे मी म्हणते. पण एक रोगी म्हणजे प्रयोग नव्हे, हेही म्हणते. मास्तरांना शेवटी दवाखान्यात नेले ते धाकटीनेच, शाळेच्या बसमधून, मुलांना थांब्यावर थोरलीच्या ताब्यात देऊन. शाळेने तिला नोटीस दिली. तिने ती फाडली नाही, चौकट करून लावली.

दोघींना एकच अट: मास्तरांच्या खोलीचे स्मारक करू नये. भिंत पाडा, भाड्याने द्या, तिथे बसचे टायर ठेवा.

कलम सहा. देह.

देह वैद्यकीय महाविद्यालयाला. 'मी' कुठे होते ते विद्यार्थ्यांनी शोधावे. सापडल्यास वकिलांना कळवावे.

कलम सात. उरलेला वाद.

या मिळकतीचे काय करावे हे मला ठरवता येत नाही. मास्तर म्हणत, आपण दोघे एकाच ठिकाणी पोचलो. मी म्हणे, तुम्ही बसल्या जागी विचार करून, आम्ही यंत्रांचा मार खाऊन; ठिकाण एक कशावरून? आजही माझे मत तेच आहे. दोन्ही शास्त्रे एक नाहीत. एका मुद्द्यावर मात्र मी मास्तरांच्या म्हणण्याला हरकत घेणार नाही: कुठल्याही गोष्टीचा गुण तिच्या एकटीच्या पोटात नसतो, कशाशी तरी गाठ पडली की तो ठरतो.

हे मला यंत्रांनी शिकवले होते. पटले ते मास्तर गेल्यावर. मी हट्टी आहे, हे मोजायचे साधन एकच होते. आता या घरात मला 'तुझं चुकतंय' असे कोणी म्हणत नाही; दोघी बहिणी भल्या आहेत, मान राखतात. त्यामुळे माझे बरोबर आहे की नाही, हे समजायची सोयच उरलेली नाही.

हे कलम कोणाच्याच नावे करत नाही.

वरील सर्व मी वाचले, मला वाचून दाखवलेही, आणि दोन्ही वेळा तेच निघाले. व्यवस्था वकिलांनी पाहावी. साक्षीदारांनी पाहिले म्हणून सही झाली असे नाही; मी सही केली, म्हणून त्यांनी पाहिले.

लिहून देणार : (सही) प्राध्यापिका, निवृत्त

साक्षीदार पहिल्या : (सही) डॉक्टरीणबाई. शेरा: बुद्धी शाबूत, जीभ जास्तच.

साक्षीदार दुसरे : (सही) शेजारचे पाववाले. शेरा: मजकूर समजला नाही, पण सही त्यांनीच केली हे डोळ्यांनी पाहिले.

स्थळ : स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : शिक्क्यावर उमटला आहे तो