खोकला कुठल्या विभागात

३ मार्च, मंगळवार

काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध आहे का ते सांगणारा आकडा, निघाला. हे काय भलतंच! विभाग आणि खोकला यांचा संबंध आहे, पक्का आहे — पण उलटा. कारखान्यातल्या खोकणाऱ्या बायका पॅकिंगमध्ये जास्त, पॉलिशमध्ये जवळजवळ नाहीतच. नळाच्या तोट्या घासताना धूळ उडते ती पॉलिशमध्ये, आणि छाती बिघडते खोकी भरणाऱ्यांची? चार चौकोनांचा तर तक्ता! बेरजा पुन्हा केल्या. तेच.

ताई दहा वर्षं पॉलिशला आहे. तिथे धूळ ओढणारा चांगला पंखा बसावा, म्हणून तर ही पाहणी मी मागून घेतली होती.

४ मार्च

रिग्रेशनही करून पाहिलं. पॉलिशमध्ये वर्षं वाढतील तसा श्वास कमी पडायला हवा, म्हणजे आलेखावरची रेघ खाली उतरायला हवी. मेली आडवी पडून आहे! श्वास मोजायच्या नळीत जुन्या बायका नव्यांइतक्याच जोरात फुंकतात. सहसंबंध शून्याच्या आसपास.

६ मार्च

साहेब खूश. "आकडे तुमचेच आहेत, मॅडम. मी कुठे काही म्हणतोय?"

पॉलिशमधला होता तो जुना पंखाही काढून पॅकिंगला लावायचा हुकूम. माझ्याच अहवालावरून! घरी ताईला सांगितलं तर म्हणते, बरं झालं, त्याचा आवाज फार व्हायचा. हिला काय म्हणावं!

७ मार्च

पंखा काढला.

१० मार्च

पॅकिंगमधल्या मावशींजवळ चहा प्यायला बसले. त्या खोकत खोकत म्हणाल्या, "आम्ही सगळ्या आधी पॉलिशलाच होतो गं. छाती भरायला लागली की मुकादम इकडे आणून बसवतो."

मी प्रत्येकीला विचारलं होतं — सध्या कुठल्या विभागात? आधी कुठे होतात, हे विचारायचं सुचलंच नाही. एवढी शिकले आणि अक्कल गहाण टाकली! पॉलिशमध्ये उरतात त्या धडधाकटच, म्हणून रेघ आडवी. पॅकिंगचा खोकला सगळा पॉलिशचा आहे.

११ मार्च

साहेबांपुढे तासभर घसा कोरडा केला. अहवाल वर गेलाय, आता पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. निदान पंखा तरी परत लावा म्हटलं. तर म्हणे, भोक बुजवलंय, भिंत रंगवून झाली. बाहेर येऊन जिन्यात रडले. दुसरं काय करणार?

१२ मार्च

ताई आज हसतच घरी आली. मुकादम येत्या सोमवारपासून तिला पॅकिंगला बसवणार आहे.