साच्यांची खालची बाजू

केडगाव,
१४ सप्टेंबर २०२५

चि. वैजनाथ यास दादाचा आशीर्वाद,

पेरणीयंत्राच्या फणांचे चार साचे, भोकं पाडायच्या दोन जिग, पट्ट्या वाकवायचा एक सांगाडा. ही मी माझ्या हातांनी केली. लोखंड भिंगारच्या भंगारवाल्याकडून, पदरच्या पैशाने. शाळा सातवीपर्यंत, बाकी बघून बघून शिकलो.

आमचा सरकारी अवजार कारखाना विकायला काढलाय, ते ठीक. पण घेणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर म्हणून यादी करायला तू आलास, आणि आमच्या साहेबांनी उठून तुला खुर्ची दिली. मला एकोणतीस वर्षांत दिली नाही. तुझी वहिनी म्हणते, सख्ख्या भावावर काय जळता? जळतो. माझी साधनं यादीत कारखान्याची झाली, आणि त्यांच्या नकाशांवर रचनाकार म्हणून तुझं नाव! वर जिगच्या दोन भोकांतलं अंतर अडतीस मिलिमीटर लिहिलंस. ते साडेअडतीस आहे.

सरकारने सरकारचं विकावं. माझं कसं विकणार?

लोभ उरला असेल तर ठेव.

रामहरी


पुणे,
२१ सप्टेंबर

ती. दादांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

नकाशे मी काढले, म्हणून छापील रकान्यात माझं नाव गेलं. एवढा धूर कशाला? साधनं सरकारी विजेवर, ड्युटीच्या वेळेत झाली, अठरा वर्षं तिथेच आहेत. आमचे वकील म्हणतात, ती कारखान्याचीच. तुमची असल्याचा पुरावा काय?

आणि खरं सांगू? आबा पाहुण्यांना तुम्ही दुरुस्त केलेलं इंजिन दाखवायचे, माझी पदवी कधीच नाही. मीही कमी जळलो नाही.

निकिता काकांची आठवण काढते. माया आटू देऊ नका.

तुमचा वैजू


केडगाव,
७ ऑक्टोबर

चि. वैजू,

खंडेनवमीच्या पूजेत आम्ही सरकारी हत्यारं उजवीकडे मांडतो, कामगाराची स्वतःची डावीकडे. डावीकडच्या माझ्या प्रत्येक वस्तूवर मी दरवर्षी खालून सालाचा ठसा मारतो. काल विक्रीच्या अधिकाऱ्यांसमोर सगळी उलटी केली. एकेकीवर एकोणीस ठसे, २००७ ते यंदा. त्यांनी पूजेचे जुने फोटो ताडून पाहिले आणि सातही नग यादीतून काढले.

वीज सरकारची होती, कबूल. मग तेवढा वाटा लोकांचा. त्यात तुझी कंपनी कुठून आली?

निकिताला शेंगदाण्याची चिक्की पाठवलीय. तू खाऊ नकोस. येत जा.

दादा

ता. क. संध्याकाळी तुझ्या साहेबांचा फोन आला. साधनं विकत मागत होते; नकाशांवर नाव मात्र तुझंच राहणार होतं. मी नाही म्हटलं. मी नाकारलेला आकडा या वेळी नीट उतरवून घे: चार लाख सदतीस हजार पाचशे.