काकू पुण्याला गेल्या

आई, तुला जाऊन कितीतरी हिवाळे झाले, आणि माझा हाही हिवाळा तुझ्याच कामात चालला आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही काही जणी मिळून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे सकाळी जातो. धुकं इतकं असतं की सदर बाजारापर्यंत यायला ऑटोवाले तयार होत नाहीत. कुणाला रजई पोचवायची, कुणाचं औषध, कुणाशी नुसतंच बोलत बसायचं. तू हे एकटी करायचीस, पायी, आणि त्याला समाजसेवा वगैरे म्हणत नव्हतीस. मला आठवतं, तू स्वयंपाकघरात डबा घासते आहेस आणि मी दाराला टेकून उभी आहे. शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांना डबा देताना मी मोठ्याने, लाडीगोडीने म्हणाले होते, "सगळं संपवायचं हं." घरी आल्यावर तू मान वर न करता म्हणालीस, "ते म्हातारे झालेत, लहान नाही झाले. असं पुन्हा बोलू नकोस." तेव्हा मला राग आला होता. आता आमच्यातल्या नव्या बायकांना मी हेच सांगते.

यंदा एक काकू होत्या. या हिंदी मुलखातल्या आपल्यातल्याच, नवरा केव्हाच गेलेला, मुलगा पुण्याला. त्यांच्या गल्लीत मराठी बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून माझी वाट बघायच्या, आणि मी गेले की माझ्या मराठीला नावं ठेवायच्या. कोळशाची शेगडी पेटवून खोली घट्ट बंद करून बसायची त्यांना सवय. मी म्हणायचे, "काकू, खिडकी खोलून ठेवा." त्या म्हणायच्या, "खोलून काय गं? उघडून म्हण." मी उघडून म्हणायचे. मी असेपर्यंत खिडकी उघडी राहायची, माझी पाठ वळली की बंद. मुलाने पाठवलेला हीटर खोक्यातच होता. "पहाटे वीज असते कुठे?" म्हणायच्या, आणि तेही खोटं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी मी कडी वाजवते आहे, हाका मारते आहे, आतून उत्तर नाही. समोरचा चहावाला भैया आला. "हटिए दीदी," म्हणाला आणि खांद्याने धडक देऊन दार मोडलं. आत हवा जड, शेगडीत अजून धग, आणि काकू पलंगावर निपचित. दोघांनी त्यांना रजईसकट ओढत अंगणात आणलं. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी नुसती काकू, काकू करत राहिले. भैया त्यांचे तळवे चोळत होता. किती वेळ गेला कळलं नाही. मग त्यांना ओकारी आली, डोळे उघडले. मोडक्या दाराकडे बघून पुटपुटल्या, "आता कडी कोण बसवून देणार?"

दवाखान्यातून त्या बऱ्या होऊन आल्या. मुलगा न्यायला आला होता. "ताई, आता हिला इथे एकटीला नाही ठेवता येणार," म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. स्टेशनवर काकू मला म्हणाल्या, "तिकडे सगळेच मराठी बोलतात. मग माझ्याशी मुद्दाम बोलायला कोण येईल?" मी त्यांची शाल सारखी केली.

गाडी गेल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. एक दार कमी झालं, एवढंच मनात आलं, आणि बरं वाटलं. घरी येऊन चहा केला, मग दुपारभर झोपले. मास्तर गेले त्या दिवशी तूही अशीच झोपली होतीस, भिंतीकडे तोंड करून. तुला फार दुःख झालंय असं वाटून मी घरभर चोरपावलांनी फिरत होते. दुःख असेलच. पण त्याबरोबर आणखी काही होतं का, हे आता तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

उद्या बबीना गावाच्या रस्त्यावरच्या एका नव्या घरी जायचं आहे. तिथले आजोबा दार उघडत नाहीत म्हणे. मी जाईन. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते आहे, आई: जावंसं वाटत नाही.