‘तांबडी वाट’वरचे श्रीनाथचे नाव

मी, गोकुळदास बाबाजी गावस, वय बासष्ट, खाणीवरचा निवृत्त मेकॅनिक, राहणार मुळगाव, तालुका डिचोली, गोवा, माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. हृदय थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणाचेही दडपण नाही.

१. घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी सिद्धी हिला द्यावी.

२. पाने, जॅक आणि वेल्डिंगचे सामान पुतण्या गौरेशला द्यावे. त्याचे वडील, माझा भाऊ रुद्रेश, यांच्याशी काजूच्या बागेच्या बांधावरून मी बारा वर्षे बोललो नाही. बांध तो म्हणतो तिथेच धरावा. अबोला धरण्याची मला खोडच होती.

३. सन १९८८ मध्ये आम्हा चौघांच्या ‘रेड डस्ट’ बँडने ‘तांबडी वाट’ ही पहिली कॅसेट काढली. दुसरी निघालीच नाही. मी गिटार वाजवून गात असे, ड्रमवर कारापूरचा श्रीनाथ परब होता. कॅसेट चालली नाही. ठेका ढिला पडला, श्रीनाथने माती केली, असे मी डिचोलीच्या एका कार्यक्रमात माईकवरून बोललो. उरलेल्या कॅसेटींसाठी नवे वेष्टन छापून त्यावरून त्याचे नावही काढायला लावले. त्याने ड्रम विकले आणि खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. माझी पत्नी यशोदा वारली तेव्हा तो दारात आला होता. मी आतून बाहेर आलो नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात तो गेला. मी कारापूरला गेलो नाही.

खाणीच्या क्रशरने माझे कान घालवले होते. यंदा सिद्धीने कानाची मशीन आणून दिली आणि कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन मला ऐकवली. दुसऱ्या गाण्यात मी घाईने पुढे पळतो. श्रीनाथ एक ठोका सोडतो, मला गाठतो आणि अलगद मागे आणतो. आठ गाण्यांत पाच वेळा. ठेका ढिला नव्हता, तो मला सांभाळत होता. त्याच गाण्याच्या सुरुवातीला, गिटारच्या आधी, त्याचा हलका आवाज आहे: “गोकुळा, भियेव नाका. तू वाजय, हांव फाटल्यान आसां.” घाबरू नकोस, तू वाजव, मी मागे आहे, असे तो म्हणतो.

सदतीस वर्षे ते वाक्य माझ्या कपाटात होते.

४. ‘तांबडी वाट’ सिद्धीने इंटरनेटवर ठेवावी. पहिले नाव श्रीनाथ परब यांचे असावे, माझे शेवटी. खाली लिहावे: ‘ठेका बरोबर होता. चूक गोकुळदासची होती.’ हे वाक्य कोणी सौम्य करू नये.

५. कॅसेटचे सर्व हक्क श्रीनाथच्या पत्नी शालिनी परब यांना द्यावेत. माझी गिटार त्यांना देऊ केली होती. “ती आमच्या घरात नको,” त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबर आहे. गिटार सिद्धीने हवी त्याला द्यावी.

श्रावणात मी रेकॉर्डिंग घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांचे लग्न ड्रम विकल्यानंतरचे, त्यामुळे नवऱ्याला वाजवताना त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. ट्रकच्या स्टेअरिंगवर बोटे वाजवायचे, एवढेच त्यांना ठाऊक. आठही गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला.

“हे त्यांना ऐकू येत होते तेव्हा का नाही आलात?”

तो प्रश्न इथे तसाच लिहून ठेवतो.

वरील मजकूर वाचून, तो माझाच आहे अशी खात्री करून सही करतो.

(सही) गोकुळदास बाबाजी गावस

त्यांनी आम्हा दोघांदेखत सही केली:
१. विनिता शेटये, शेजारी, मुळगाव (सही)
२. निवृत्ती पाटील, जुने सहकारी, मूळचे कोल्हापूर जिल्ह्याचे (सही)

मुळगाव, १४ नोव्हेंबर २०२५