चष्मा सावरताना

ताई,

नमस्कार लांबूनच, जवळ असतीस तर पाठीत धपाटा घातला असतास. हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर दुखरे गुडघे घेऊन, लेकीचं घर सोडून पहिल्या गाडीने इकडे येशील.

आज आपल्या सेवा मंडळाची सभा पुन्हा हॉलमध्ये झाली. मला मात्र ते वर्ष आठवत होतं, आपापल्या घरातून मोबाइलवर सभा भरवायचो ते. दातांचे डॉक्टर वर कोट आणि खाली चड्डी घालून बसायचे. "दवाखान्यात एकट्या पडलेल्यांना रोज डबे कोण देणार?" असं अध्यक्षांनी विचारलं आणि नेमकी तू स्क्रीनवर थिजलीस, वर उचललेल्या हातासकट. आम्ही टाळ्या वाजवून मोकळे! तू परत जोडली गेलीस तोवर काम तुझ्या गळ्यात पडलं होतं.

"मेल्यांनो, मी चष्मा सावरत होते!" असं म्हणालीस, आणि सकाळी मोठं पातेलं काढलंस. वर्षभर डबे तू भरलेस, मी पोचवले. तेवढं हसलो नाही गं पुन्हा कधी.

आज अध्यक्षांनी तेच विचारलं, या खेपेला वृद्धाश्रमासाठी. हॉल असा गप्प, जणू सगळ्यांचंच नेट गेलंय. माझा हात वर गेला.

"चष्मा सावरताय ना?" डॉक्टरांनी विचारलं. सगळे हसले.

"हो, चष्माच," मी म्हणालो. पण हात खाली घेतला नाही.

तुझं पातेलं शोधत बसलेला,
धाकटा