वरच्या चौकटीतली पत्रं

३ ऑक्टोबर

ताईचं दुखणं वाढलं. भावजींचा फोन आला – मला नाही, ह्यांना. गळ्यात नळी घातलीय, बोलता येत नाही, दिसतंही अंधुक. ईमेल आली तर भाची वाचून दाखवते म्हणे.

जायला हवं. पण आई गेली तेव्हा ताई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस." अजून बोलावलेलं नाही!

४ ऑक्टोबर

लेकाच्या जुन्या कॉम्प्युटरवरून ताईला लिहिलं. एकेक अक्षर शोधून. "ताई, माझ्या मनात काही नाही गं. येऊ का?" वरच्या अरुंद चौकटीत सगळं मावलं. खाली केवढी तरी मोठी चौकट आहे – दोन ओळींसाठी ती कशाला वाया घालवा? कोरीच ठेवली.

६ ऑक्टोबर

उत्तर नाही. पुन्हा लिहिलं.

९ ऑक्टोबर

रोज लिहितेय. हे म्हणतात, "अगं, सरळ गाडीत बैस नि जा. बोलावणं कसलं मागतेस, लग्न आहे का कुणाचं?"

ह्यांना काय सांगू! तिला नको असताना समोर जाऊन उभी राहू? आधीच तिचा जीव तोळामासा झालाय. फोन करावा, तर कुणी म्हणालं, "ताई नको म्हणतेय" – तर मग उरलं काय?

जपाला बसले. हातात माळ आणि कान कॉम्प्युटरकडे. देवा, क्षमा कर. हिशेबाच्या वहीत दुधाचा आकडा किराण्यात लिहिला, सगळी बेरीज चुकली.

१२ ऑक्टोबर

एवढा राग, ताई?

१४ ऑक्टोबर

सून आली होती. तिच्या ऑफिसात ईमेलच्या प्रोग्रामांचंच काम असतं. मी लिहिताना बघून आधी हसली. "आई, अहो, ही विषयाची चौकट! हे पाकीट झालं. पत्र खाली लिहायचं." मग तिनं स्वतःला एक पाठवून पाहिलं आणि हसू मावळलं. फोन माझ्यापुढे धरला. वर नुसती प्रश्नचिन्हं. आत कोरं.

म्हणाली, पाकिटावरच्या ओळीत इंग्रजी अक्षरंच सुखरूप जातात. मराठी पाठवायची तर आधी ती इंग्रजी अक्षरांत गुंडाळायची, वर कुठल्या लिपीतली आहेत त्याची खूण लावायची. मग पलीकडे ती पुन्हा उलगडतात. हा जुना प्रोग्राम गुंडाळतच नाही. तशीच उघडी सोडतो – वाटेत सगळ्यांची प्रश्नचिन्हं!

म्हणजे ताईला काहीच कळलेलं नाही. रागावलेली नाही ती! मला रडू आवरेना.

सुनेनं नवा प्रोग्राम घालून दिला. मोठ्या चौकटीत लिहिलं, पोटभर. हात आखडला नाही. शेवटी तेच – येऊ का?

"आई, फोनच करा ना आता."

नको. आता तिचं उत्तर येईलच.

१६ ऑक्टोबर

ताई काल पहाटे गेली.

भाचीचा फोन आला. "मावशी, परवाचं पत्र आज उघडलं गं. आधीची सगळी कोरी यायची. वाटलं, रागानं पाठवतेस. आईला कसं सांगू? मीच काहीतरी वाचून दाखवायचे – मावशी निघालीय, पोचतेच आहे. आई रोज पाटीवर लिहायची, दाराला कडी लावू नका."